मना आयकता येतंय

मंदाताई,

दहाव्याला आलेल्या बायका ओटीवर बसून एकच वाक्य आळीपाळीने म्हणत होत्या. मंदाला गाण्याची भारी आवड. मी चहा देत होते आणि प्रत्येकीला मान हलवून हो म्हणत होते. पण मनातून मला ते पटत नव्हतं. आवड काय, सगळ्यांनाच असते. आपल्या शेजारच्या कारखान्यातला माणूस लूम चालवता चालवता गुणगुणतो, त्यालाही आवड आहे. तुझी गोष्ट वेगळी होती. तुला मतं होती. आणि ती तू कुणी न विचारताच द्यायचीस.

मी या घरात सून म्हणून आले तेव्हा तुझ्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती. मी कल्याणची, शाळेत शिकवणारी, शास्त्रीय गाण्याच्या परीक्षा दिलेली. थोरली जाऊ म्हणून मी तुला अहो-जाहो करायला लागले. पहिल्याच सकाळी तू भाकरी थापता थापता म्हणालीस, "मना 'तुमी' बोललीस का मी मागं वलून बगते, आनकी कोन आयलं." तिथून तू 'तू' झालीस.

त्याच दिवशी तू मला तुझा टेप दाखवलास. टेमघरच्या आपल्या घराला दोन बाजूंनी यंत्रमागाचे कारखाने, दिवसभर लूमची खटखट. त्या आवाजात गाणं लावायचं म्हणजे टेप पूर्ण आवाज वाढवूनच लावायला लागायचा. तू मात्र नवीन कॅसेट आणलीस की ती तशीच कपाटावर ठेवून द्यायचीस. मला वाटायचं, हिला विसर पडतो. मग लाइट जायची. भिवंडीत तेव्हा लाइट जायची म्हणजे अर्धा दिवस जायची. सगळे लूम एका दमात बंद पडायचे, आळीत अशी शांतता व्हायची की कावळ्याच्या पायाचा पत्र्यावरचा आवाज ऐकू यावा. तेव्हा तू हात पुसत उठायचीस, टेपमध्ये सेल घालायचीस आणि ती कॅसेट लावायचीस. लोक लाइट गेली म्हणून शिव्या द्यायचे. तुझी ती गाणं ऐकायची वेळ होती.

आणि गाणं चालू असताना बोलायचं नाही. मी पहिल्यांदा बोलले तेव्हा तू नुसतं माझ्याकडे पाहिलंस. पुढे मी कधी बोलले नाही.

तुझं मत काय निघेल ते आधी कधीच ओळखता यायचं नाही, हे मला तुझं सगळ्यात जास्त आवडायचं. त्या वर्षांत रिमिक्सची लाट आली होती. जुनी गाणी घ्यायची, खाली ढोल-ताशासारखं काहीतरी घुमवायचं आणि विकायचं. माझ्या शाळेच्या स्टाफरूममध्ये सगळ्या बाया नाकं मुरडायच्या. मला खात्री होती की तूही मुरडशील. तू एक अख्खी कॅसेट ऐकलीस आणि म्हणालीस, "गानं म्हातारं झालं म्हून त्यानं नाचायचं न्हाय का? नाचू दे. पन हाताला धरून नाचवा, ढकलू नका." मग कुठल्या गाण्याला हाताला धरलंय आणि कुठल्याला ढकललंय, ते तू मला एकेक करून सांगितलंस.

भक्तिगीतांचे अल्बम निघायचे, सिनेमाच्या चालींवर देवाची गाणी. सासूबाईंना ते फार आवडायचे. तू त्यांच्यासमोर म्हणालीस, "देवाला बी कलत नसंल, मना बोलावतात का दुसऱ्या कुनाला." सासूबाई त्यावर दिवसभर तुझ्याशी बोलल्या नाहीत. सतार आणि ड्रम एकत्र वाजवणाऱ्या एका बँडच्या अल्बमवर तुझं म्हणणं होतं, "दोगं एका घरात ऱ्हातात, पन बोलत न्हाईत." एका गझलवाल्याबद्दल म्हणाली होतीस की हा प्रत्येक ओळीनंतर थांबून बघतो, कोण वा म्हणतंय. आणि एमपीथ्रीच्या सीडी आल्या, एकात शेकड्याने गाणी, तेव्हा तू सीडीचं कव्हर हातात घेऊन वैतागली होतीस. "येवडं एका ताटात वाढलं, मंग जेवायचं कुठलं आनि टाकायचं कुठलं?"

मी तुला कल्याणला एका मोठ्या गवयाच्या मैफलीला नेलं होतं, आठवतं का? परतीच्या बसमध्ये मी कौतुक करत होते आणि तू खिडकीतून बाहेर बघत होतीस. शेवटी म्हणालीस, "नुसता आलाप चालू व्हता तवा तो एकटा व्हता. तबला आयला तसा तो आपल्याला दाखवाय लागला." मी चिडले. मी तुला लय म्हणजे काय, द्रुत म्हणजे काय ते समजावायला लागले. तू शांतपणे ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "तुजं काय हाय सुजाता, तू गानं आयकत न्हाय. तपासतेस."

हे मी आजही मान्य करत नाही. त्या दिवशीचा तबला उत्तम होता आणि गवयाने दाखवलं त्यात दाखवण्यासारखंच होतं. तू चुकत होतीस. तू चुकायचीसच अधूनमधून, आणि मला ते बरं वाटायचं. एकदा तू एका नव्या गायिकेचा अल्बम ऐकून मला सांगितलंस, काय दुःख आहे या बाईच्या आवाजात, एकेक शब्द कसा ओढून ओढून आणते. संध्याकाळी लाइट आली, मी तीच कॅसेट लावली तर चांगली नाचरी गाणी. तुझे सेल उतरले होते, म्हणून टेप सावकाश फिरत होता. मी हसून हसून खाली बसले. तू जराही हलली नाहीस. म्हणालीस, "मना सावकाशच बरी वाटली."

मंडईजवळच्या इक्बालभाईंच्या कॅसेटच्या दुकानात मी परवा गेले होते. त्यांना बातमी कळली होती. त्यांनी मला आत बसायला स्टूल दिलं आणि मग हळूच एक गोष्ट सांगितली. नवीन माल आला की ते तुला एक कॅसेट ऐकायला द्यायचे आणि तुझं मत विचारायचे, हे मला माहीत होतं. तुला वाटायचं, तुझ्या मतावर ते माल मागवतात. इक्बालभाई म्हणाले, "मतावरच मागवायचो. भाभी को जो पसंद आया, वो कम मंगाता था. जो नहीं आया, वो ज्यादा. भाभी का टेस्ट बाजार से एकदम उल्टा था." मग म्हणाले, "लेकिन जो उनको पसंद आया, उसकी एक कॅसेट मैं अपने घर ले जाता था."

तू हे ऐकलं असतंस तर रागावली असतीस की हसली असतीस? मला ठरवता येत नाही.

पण मला आज लिहायचंय ते वनिताबद्दल.

जयवंत आपल्याच आळीतला. लग्नात बँजो वाजवणारा, मग कॅसिओ शिकून अल्बम काढायला लागलेला. आगरी-कोळी गाण्यांच्या व्हीसीडींना त्या वेळी भलताच जोर होता. त्याच्या डोक्यात आलं की आपल्या लग्नातले धवले घ्यायचे. ही विधीची गाणी. हळद लागते, मांडव पडतो, तेव्हा धवलारीन म्हातारी वाद्याशिवाय एकटी गाते ती. ती गाणी ठेक्यावर बसवायची, अल्बम करायचा. दादांनी, म्हणजे तुझ्या नवऱ्याने, त्याच्या पाठीवर हात ठेवला. दादांना स्वतःला गाण्यातलं काही कळत नव्हतं आणि तसं ते सांगायचेही. पण त्यांची गोदामं उभी राहिल्यापासून टेमघरात कुठलंही काम दादांशिवाय होत नव्हतं.

मी त्या अल्बमच्या विरुद्ध होते. मी म्हटलं, धवल्याला ठेका नसतो, तो म्हाताऱ्या बाईच्या श्वासावर चालतो, त्याला ऑक्टोपॅडचे ठोके लावले की मेला. तू म्हणालीस, "श्वासाला ठेका न्हाय का?" मी म्हटलं, तसं नाही गं. तू म्हणालीस, "धवलारीन म्हातारी झाली. तिच्या मागं कोन हाय सांग. पोरी ठेक्यापायी आयकतील, आयकता आयकता शब्द पाठ व्हतील." हा वाद आपण किती वर्षं घातला. एकदा हळदीला तर कहरच झाला. आपली धवलारीन आजी गाऊन थकली, तिने डीजेवाल्या पोराला खुणेने बोलावलं आणि म्हणाली, "मना बी तो घुमनारा आवाज दे ना रं." त्याने माइकला एको लावून दिला आणि आजी डोळे मिटून स्वतःचाच आवाज ऐकत गात राहिली. तू मांडवाच्या त्या टोकाहून माझ्याकडे बघत होतीस. तुझा तो चेहरा मी विसरलेले नाही. तरीही मी सांगते, आजीला आवडलं म्हणून ते बरोबर ठरत नाही.

तर जयवंतचा अल्बम झाला. देवळामागच्या मैदानात स्टेज घातलं, संध्याकाळी प्रकाशन, दादा प्रमुख पाहुणे. गायिका म्हणून वनिता होती, गणेशपुरीकडची, भातशेती करणाऱ्या घरातली, नुकती विशीत आलेली. तिचा पहिलाच अल्बम. स्टेजवर नवी साडी सावरत बसली होती. मोठ्या स्पीकरवर गाणी वाजवली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. जयवंत माइक घेऊन खाली आला, पहिल्या रांगेत तुझ्यासमोर धरला आणि म्हणाला, "वहिनी, तुमी टेमघरातल्या सगल्यात मोठ्या गानंवाल्या. सांगा, कशी झाली?"

त्याला छान एवढंच हवं होतं. दादा स्टेजवरून हसत बघत होते. मी तुझ्या शेजारी बसले होते आणि मला तुझा श्वास आत जाताना कळला.

"ठेका चांगला हाय," तू म्हणालीस. "पेटी चांगली हाय. गानारी भितंय. तिचा आवाज खालचा हाय आनि तुमी तिला माडीवर नेऊन बसवलंय."

लोक हसले. वाईट मनाने नाही, मैदानात माइकवरून काहीही ऐकलं की लोक हसतात तसे. वनिताने मान खाली घातली. दादा तसेच बसून राहिले, पण त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी सुकलं.

घरी आल्यावर ते एवढंच म्हणाले, "घरात बोलायचं. मैदानात न्हाय."

तू म्हणालीस, "घरात कोन आयकतंय?"

त्यानंतर ते तुझ्याशी बोलेनासे झाले. जेवायला बसायचे, उठायचे. तू वाढायचीस. मी यांना म्हटलं, तुम्ही तरी भावाला समजवा. हे म्हणाले, दोघांच्या मधे पडण्यापेक्षा चालत्या लूममध्ये हात घातलेला बरा.

मग एका दुपारी वनिता आली. एकटीच, गणेशपुरीच्या एसटीने. तू अंगणात बोंबील साफ करत होतीस. ती उंबऱ्याशी उभी राहिली, बस म्हटलं तरी बसली नाही.

"काकी, तुमी बोलल्या ते खरं व्हतं," ती म्हणाली. "मना गाताना बी ते कलत व्हतं. पन आता बाबा बोलतात, लोकं हसली, बास झालं. गानं बंद. माजं लग्नाचं बगायला लागलेत."

तू हातातला बोंबील खाली ठेवलास. "लग्न करायचं न्हाय तुना?"

"करायचं हाय. पन गानं बंद करून न्हाय."

तू तिला पाणी दिलंस, बळेबळे भाकरी खायला लावलीस, आणि जाताना तिचा पत्ता विचारून घेतलास. त्या दिवशी तू टेप लावला नाहीस. लाइट गेली, आळी शांत झाली, आणि तू नुसती पायरीवर बसून राहिलीस. मी शेजारी येऊन बसले तशी म्हणालीस, "मी बोलले ते परत बोलेन. पन त्याचं ह्ये असं व्हईल, ते माज्या डोक्यात न्हवतं."

रविवारी आपण दोघी एसटीने गेलो. वज्रेश्वरी मागे टाकली, मग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेली शेतं. वनिताचा बाप, काशिनाथकाका, खळ्यावर भात झोडत होता. आपल्याला पाहून त्याने काम थांबवलं नाही.

"बाय, तू मोठ्या घरची," तो म्हणाला. "तुजा एक शबुद, आनि माजी पोर गावात हसन्यावारी गेली."

मला वाटलं तू माफी मागशील. मी मागितली असती. तू पदर खोचून तिथेच पेंढ्यावर बसलीस.

"तो शबुद मी माघारी घेनार न्हाय, काका. खोटा न्हवता. पन मी गानाऱ्या बाईला बोलले. तुमी तो उचलून तुमच्या पोरीला लावलात. आता ती गप बसली तर लोकं बोलतील, मंदा बोलली ते बराबर, हिला गाताच येत न्हवतं. तिला गाऊ द्या. मना खोटी पाडा."

काकांनी हातातली पेंढी खाली ठेवली. "मंग तू गाऊन दाव, कसं गायाचं ते."

"मना गाता येत न्हाय," तू म्हणालीस. "मना आयकता येतंय."

हे तू इतकं साधेपणाने म्हणालीस की काका पेंढ्यावरच बसले. त्यांनी पोरीला हाक मारली. वनिता खळ्यात येऊन उभी राहिली आणि तोच धवला तिने रेकॉर्डच्या सुरात सुरू केला. दोन ओळीत तू हात वर केलास. "खाली." तिने सूर उतरवला. "आनकी खाली." ती म्हणाली, काकी, याच्या खाली तर बोलल्यासारखं होतं. तू म्हणालीस, "मंग बोल."

आणि तिने ते गाणं बोलायला घेतलं. मी गाणं शिकलेली बाई आहे, मला सूर कळतो. पण त्या दुपारी खळ्यात काय झालं ते मला सुराच्या भाषेत सांगता येत नाही. आवाज रुंद झाला. घाबरलेली पोर त्यात नव्हती, पण घाबरलेली नवरी होती, आणि धवल्यात ती असायलाच हवी. वनिताची आई ओले हात घेऊन बाहेर आली आणि तशीच उभी राहिली. काका पेंढ्यावर बसले होते, त्यांनी डोळ्यांवरून उपरणं फिरवलं.

तू वा म्हणाली नाहीस. तू कधीच म्हणायची नाहीस. "ह्याच सुरात परत रेकाड करायचं," म्हणालीस, "मी संगं येते. आनि लग्नाचं बगा तुमी. गानं आयकनारा पोरगा बगा."

घरी आल्यावर तू दादांना वाढता वाढता सांगितलंस, गाणं परत करावं लागेल. दादा जेवत राहिले. मला वाटलं, झालं. सकाळी ते ओटीवर चप्पल घालता घालता कुणाकडेही न बघता यांना म्हणाले, "जयवंताला फोन लाव." आणि ठाण्याच्या स्टुडिओत जायच्या दिवशी जीप त्यांनीच काढली. जयवंत कुरकुरत होता, सगळ्या वाद्यांचा सूर बदलायला लागेल म्हणून. दादा त्याला म्हणाले, "मंग बदल." त्या वाक्यानंतर त्यांनी मागे वळून तुला विचारलं, "पानी घेतलंस का?" तुमचं भांडण तिथे मिटलं. मी मधल्या सीटवर बसून खिडकीबाहेर बघितल्याचं नाटक केलं.

त्या लगीनसराईत टेमघरपासून वज्रेश्वरीपर्यंत एक हळद अशी झाली नसेल जिथे तो धवला वाजला नाही. मी तुला विचारलं, झालं ना समाधान? तू म्हणालीस, "पयलं कडवं बरं हाय."

वनिताचं लग्न झालं, आणि नवरा खरंच गाणं ऐकणारा मिळाला. तिचे कार्यक्रम सुरू झाले. ठाण्याच्या नाट्यगृहात पहिला मोठा कार्यक्रम झाला तेव्हा आपण तिघं गेलो, दादासुद्धा. वनिता चमकीची साडी नेसून आली, प्रेक्षकांना हात वर करायला लावले, नाचली, मधेच विनोद केले. लोक खूश. मीही खूश. गाडीत बसल्यावर मी म्हटलं, बोल आता.

"आता ती भीत न्हाय," तू म्हणालीस.

"मग चांगलंच आहे की. तूच तर म्हणाली होतीस, गाणारी घाबरली आहे."

"तवा ती लोकांना भीत व्हती. ती भीती जायाला पायजे व्हती. पन गान्याला जरा भ्यायला पायजे. ती बी गेली."

मी म्हटलं, तुझं काही खरं नाही, घाबरली तरी चूक, नाही घाबरली तरी चूक. शिवाय शेतावरची एक पोर भरल्या नाट्यगृहात अशी उभी राहते, हीच केवढी गोष्ट आहे. तू म्हणालीस, ती गोष्ट मोठी आहे, पण ती गाण्याची गोष्ट नाही. कशेळीची खाडी येईपर्यंत आपला आवाज एवढा चढला की दादा म्हणाले, "दोगी गप बसा, समोरून ट्रक येतात."

तो वाद तसाच राहिलाय, ताई. मला अजूनही वाटतं, माझंच बरोबर होतं. पण आता शाळेच्या गॅदरिंगला एखादी मुलगी धीटपणे गायली की मी टाळ्या वाजवता वाजवता मनात बघते, ही गाण्याला भिते का.

तू माझंसुद्धा गाणं ऐकलं होतंस. एकदाच, तूच म्हणालीस म्हणून मी यमन गायले. ऐकून म्हणालीस, "तू शिकलेलं सगलं आयकू आयलं. तू न्हाय आयकू आयलीस." मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे उठून तानपुऱ्यावरची धूळ पुसली आणि लग्नानंतर पहिल्यांदा रियाजाला बसले. आजही बसते. तुझे मी याबद्दल कधी आभार मानले नाहीत. तू भाकऱ्या थापत माझा रियाज ऐकायचीस, हे मला माहीत होतं. पण मत कधी दिलं नाहीस. मी वाट बघायचे.

मग तुझं आजारपण. ठाण्याच्या हॉस्पिटलात तुला श्वास पुरायचा नाही, तरी नर्सच्या मोबाइलची रिंगटोन तुला आवडायची नाही आणि तू तिला ती बदलायला लावलीस. मी माझ्या मोबाइलमध्ये नवीन गाणी भरून आणायचे आणि तुझ्या कानांत इअरफोन घालून द्यायचे. पहिल्या दिवशी तू एक कानातून काढून माझ्या हातात दिलास. "तू बी आयक. मी भांडू कोनाशी?" मग आपण दोघी एकाच वायरला बांधल्यासारख्या, डोकी जवळ करून बसायचो. तू बोटाने माझ्या हातावर ठेका धरायचीस आणि ज्या ठिकाणी तुला पटायचं नाही तिथे बोट थांबायचं. शेवटी शेवटी तुला बोलवत नव्हतं तेव्हा तेवढंच तुझं मत उरलं होतं. मला ते पूर्ण कळायचं.

वनिता भेटायला आली. तुझा हात धरून म्हणाली, काकी, तुमच्यासाठी गाऊ का? मला वाटलं, तू हो म्हणशील. तू मान हलवलीस. "इथं नको. इथं सगले चांगलंच बोलतील."

ती रडता रडता हसली. तूही हसलीस, आणि मग खोकला आला.

एक गोष्ट विचारायची होती. इतक्या हळदी झाल्या, इतकी बारशी झाली, सगळ्या बायका गळा काढून गायच्या, पण तुला मी कधी गुणगुणतानासुद्धा ऐकलं नाही. गाता येत नाही हे काही कारण नाही, न येणाऱ्याच जास्त गातात. कधी काळी तुला कुणी गप्प बसवलं होतं का? की तुझं स्वतःबद्दलचंही मत तितकंच कडक होतं? हॉस्पिटलातल्या त्या शेवटच्या दुपारी मी विचारायचं ठरवलं होतं, पण तुझा डोळा लागला. मी इअरफोन काढून घेतले आणि तुझ्या उशाशी बसून राहिले. नंतर विचारू म्हटलं.

काल वनिता आली होती. तिचा नवीन अल्बम झालाय, अजून बाजारात आलेला नाही. सीडी घेऊन आली. घरात सुतक फिटलं होतं, तरी तुझ्या सीडीवाल्या टेपजवळ जायचा धीर कुणाला होत नव्हता. ती सीडी हातात धरून बसून राहिली. मी चहा करू का विचारत होते, तेवढ्यात दादा आतून आले, तिच्या हातातून सीडी घेतली आणि कशी लावतात म्हणून मला विचारलं. ताई, इतक्या वर्षांत त्या माणसाने या घरात कधी स्वतःच्या हाताने गाणं लावलं नव्हतं.

गाणी सुरू झाली. कोणी बोललं नाही. पहिलं गाणं संपलं, दुसरं संपलं. वनिताची नजर आमच्या दोघांवर फिरत होती. मी काहीतरी बोलणार होते, चांगलं, शहाणपणाचं, तोंडाशी आलंही होतं.

"दुसऱ्यात कायतरी चुकतंय," दादा म्हणाले.

वनिता पुढे सरकली. "कुठं, काका?"

दादांनी टेपकडे बघितलं. मग माझ्याकडे. "चुकतंय ते कलतंय मना," ते म्हणाले. "कुठं ते सांगता येत न्हाय. ते ती सांगायची." ते भिंतीकडे तोंड करून बसले.

मलाही ते कळत होतं, आणि मलाही सांगता येत नव्हतं. लयीत नव्हतं, सुरात नव्हतं, मी तपासून बघितलं. वनिताने डोळे पुसले, उठली, आणि दुसरं गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. आम्ही तिघं पुढे वाकून बसलो.